सावेनानांचं घोटभर पाणी

सावेनाना कुणाच्याही घरी गेले की चहाला नको म्हणतात आणि पाणी मागतात. इथवर ठीक आहे. पण पेला हातात आला की ते चष्मा काढून खिशात ठेवतात, डोळे मिटतात आणि पहिला घोट या गालातून त्या गालात असा काही फिरवतात की घरातली बाई घाईघाईने मोरीकडे बोट दाखवते. मोरीची गरज पडत नाही. नाना घोट गिळतात आणि निकाल देतात, "खडकातलं हाय. जरा तुरट. विहिरीवर चिंच हाय काय?"

विहिरीवर चिंच असते. हीच तर पंचाईत आहे. असल्या माणसाचा अंदाज एकदा बरोबर निघाला की मग त्याला आवरता येत नाही.

नाना आमच्या बोईसरच्या केमिकल कंपनीत, क्वालिटी कंट्रोलला. मी तिथेच स्टोअरला. कंपनीतून बाहेर पडणारं पाणी रोज नानाच तपासतात, पण मशीनवर. त्याची चव घेत नाहीत. तेवढं तारतम्य त्यांना आहे.

बायको गेल्यावर माणसं देवाला लागतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. मंगलवहिनी गेल्यावर नानांनी पाणी धरलं. दर रविवारी पालघरहून स्कूटर काढायची, केळवे, सफाळे, वाट नेईल तिथे जायचं, अनोळखी दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, "घोटभर पाणी मिळेल काय?" मुरबे गावात एका मावशीने तांब्या भरून दिला, तर हे म्हणाले, "खाडी शिरली हाय तुमच्या विहिरीत." मावशी बोंबील वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "गोड पायजे तर शहाळं घे. पानी मागितलंस, पानी दिलं." ही गोष्ट नाना स्वतःच सांगतात, आणि मावशीची बाजू घेऊन सांगतात.

कॅन्टीनचं फिल्टरचं पाणी त्यांनी कधीच पास केलं नाही. "मेलेलं हाय. चव नाय म्हणजे गाव नाय," म्हणतात. आम्ही ते मेलेलं पाणी पिऊन नोकऱ्या करतो.

या सगळ्याचं आपण पुस्तक काढणार, असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा लॅबमध्ये कुणी हसलं नाही. सगळे बाहेर जाऊन हसले. सूचनाफलकावरच्या नोटिसा मी शुद्ध मराठीत लिहितो, म्हणून कंपनीचा साहित्यिक मी. बाड माझ्याकडे आलं. सगळं लॅब रिपोर्टच्या चालीवर. रंग: नाही. वास: किंचित शेवाळाचा. चव: गोड, शेवटी खारट. देणारी: अमुक. आणि मग त्या देणारीवर पानंच्या पानं. तिने पेला आधी विसळला का, पदराने पुसला का, "उन्हातून आलात, टेका जरा" म्हणाली का. सफाळ्याकडच्या एका पाड्यात म्हातारीने आधी झऱ्यावरून ताजी कळशी आणली आणि मग पाणी दिलं. त्या नोंदीत पाण्याला दीड ओळ आहे, बाकी सगळी म्हातारी.

प्रकाशक पालघरमध्येच मिळाला. मूळ धंदा लग्नपत्रिकांचा. पत्रिकेत दोन्हीकडचे झाडून सगळे काका-मामा छापणारा हा गृहस्थ नानांना म्हणाला, "तुमच्या पुस्तकात माणसं फार झाली. निम्मी पानं करा, तरच छापतो."

नानांचं तोंड उतरलं. निवृत्ती जवळ आलेली. मला म्हणाले, "त्याच्या आत पुस्तक हातात पायजे रे देसाई. नायतर घरी बसून करू काय मी? काप तूच. माझ्याने नाय होत."

मी आनंदाने पेन्सिल घेतली. पाण्याच्या पुस्तकात एवढ्या बायका हव्यात कशाला? एकूण एक उडवल्या. पुस्तक सरकारी अहवालासारखं सुटसुटीत झालं.

शनिवारी कंपनीच्या बसने नानांबरोबरच पालघरला उतरलो आणि बाड घेऊन त्यांच्या घरी गेलो. नानांनी कुलूप काढलं, चपला काढल्या आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. नुसते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. मला वाटलं, दमले असतील. मग एकदम भानावर येऊन म्हणाले, "अरे, तुला पाणी विचारलं नाय."

"राहू द्या हो."

"मंगल होती तेव्हा चपला काढायच्या आत पाणी यायचं. कधी मागायला लागलं नाय. आता रोज येतो, इथे बसतो, आणि मग आठवतं, आपणच उठायचं हाय." ते उठायला लागले.

इतके रविवार हा माणूस दारोदार काय मागत फिरला, ते त्या खुर्चीपाशी मला कळलं. "बसा नाना," म्हटलं आणि आत गेलो. पेला शोधला, विसळला, माठातून भरून आणून दिला.

नानांनी चष्मा काढला नाही. डोळे मिटले नाहीत. एका दमात पाणी प्यायले आणि पेला हातातच धरून बसले.

बाड मी तसंच परत आणलं आणि पेन्सिलीच्या रेघा एकेक करून खोडरबराने पुसल्या. मग प्रकाशकाला जाऊन सांगितलं, की या पुस्तकात तालुक्यातली एवढी घरं नावानिशी आहेत, आणि प्रत्येक घरात लग्नाचं कुणी ना कुणी आहेच. त्याने एक पान न कापता छापलं.

पुस्तक जाडजूड झालं आहे. निवृत्तीच्या आधीच नानांच्या हातात पडलं. छापून आल्यावर मी शेवटचं पान उघडलं. ही नोंद माझ्याकडे आलेल्या बाडात नव्हती.

पालघर, माझं घर. पाणी: नळाचं, माठातलं. चव: बघायची राहून गेली. देणारा: पुस्तक कापायला आलेला माणूस. पेला विसळून दिला.