बर्फ हटवण्याचं कलम

फाटकातून ते यंत्र आत आलं तेव्हा कलमताई ऑफिसच्या खिडकीशी चहा पीत उभ्या होत्या. बसएवढं धूड, केशरी रंग, पुढे रुंद लोखंडी फावडं.

"हे काय आणलंत?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"बर्फ हटवायचं यंत्र," कंत्राटदाराचा माणूस अदबीने म्हणाला. "करारात आहे. तुम्ही लिहिलंत, आम्ही आणलं."

बाहेर डांबर चपलांना चिकटत होतं. त्या मुलखात बर्फ पडे तो फक्त सरबताच्या पेल्यात.

कलमताईंनी कप खिडकीत ठेवला. करार त्यांनीच लिहिला होता. अशा करारांचा एक छापील नमुना असतो. आराखड्यापासून शेवटच्या बोल्टपर्यंत सगळं कंत्राटदाराने करायचं, चालता कारखाना मालकाच्या हाती द्यायचा, मालकाने मधे लुडबुड करायची नाही. त्या नमुन्यापुढे कलमताई मनातल्या मनात हात जोडत. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी, निव्वळ कागदाच्या भरवशावर, ओसाड माळावर एवढी चिमणी उभारली! वर बघताना त्यांची मान अजून अवघडे. फक्त सामानाची यादी त्यांनी थंड देशातल्या एका जुन्या प्रकल्पावरून उचलली होती, आणि त्यातलं एक कलम खोडायचं राहिलं होतं.

"मग आता खोडा की!"

"बँकेची मंजुरी लागेल, साहेब. चार-सहा महिने."

"तोवर कारखाना बंद?"

"हो."

"मग तोवर तुम्हीही घरी बसा. नंतरचंही नंतर बघू."

कर्ज देणाऱ्या बँकेचा तपासनीस कारखाना ताब्यात घ्यायच्या चाचण्या बघायला आला होता. त्याला सगळे बिनचूक म्हणत. त्याने कलम वाचून दाखवलं, "रस्त्यावर बोटभर बर्फ. तासाभरात रस्ता मोकळा. त्याशिवाय सही नाही."

"अहो, पण इथे बर्फ आणायचा कुठून?" मोठे साहेब म्हणाले.

"ते करारात नाही."

शेवटी मासळीबाजाराला बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यातून लाद्या आल्या. त्या दळून चुरा पसरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. बातमी गावभर झाली होती. कलमताईंची आईसुद्धा छत्री घेऊन हजर. रस्ता पांढराशुभ्र झाला. वेल्डरने हेल्मेट काढलं. आईने चप्पल काढून एक पाऊल टाकलं.

"अगं बाई, हे तर भाजतंय!"

"आई, बाजूला हो. माझी नोकरी आहे ती."

बिनचूकने घड्याळ लावलं. यंत्र गुरगुरलं, हातभर सरकलं, आणि फुस्सकन वाफ सोडून गप्प झालं. थंडीसाठी घडवलेलं इंजिन त्या उन्हात तापून बसलं होतं. ड्रायव्हरने झाकण उघडलं, हात भाजून घेतला आणि सावलीत जाऊन बसला.

"झालं कल्याण!" मोठे साहेब म्हणाले.

कलमताई रस्त्याकडे बघत राहिल्या. वरून सूर्य, खालून सकाळपासून तापलेलं डांबर. पांढऱ्यात आधी एक काळा ठिपका उमटला, मग दहा, मग बेटं. पाणी गटाराकडे पळत होतं. लोक श्वास रोखून बघत होते, जणू कोणी जादूगार चादर ओढतोय. तास भरण्याआधी रस्ता कोरडा ठणठणीत झाला.

"साहेब," कलमताई बिनचूकला म्हणाल्या. "रस्ता मोकळा झालाय."

"यंत्राने नाही केला."

"कोणी करायचा, ते कलमात आहे का? या करारात काम झालं की नाही ते बघायचं. कसं केलं, ते कंत्राटदाराने ठरवायचं."

बिनचूकने कलम वाचलं. पुन्हा वाचलं. कलमताईंनी डोळे मिटून घेतले. मग त्याने मान वर केली, डोळे बारीक करून आभाळाकडे बघितलं आणि 'वापरलेलं साधन' या रकान्यात लिहिलं : सूर्य. खाली सही ठोकली.

"आणि हे एवढं धूड?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"ते राखीव," बिनचूक जराही न हसता म्हणाला. "सूर्य बंद पडला तर लागेल."