दत्तूभाऊ समाचाराला येतात

आजारी माणसाच्या समाचाराला जावं आणि त्याचाच समाचार घेऊन यावं, हे आमच्या दत्तूभाऊंनाच जमतं. पाय मोडलेल्या माझ्या वडिलांना ते म्हणाले, "पायऱ्या काय आज नव्यानं पाह्यल्या का तुमी?" अकोल्याच्या जुन्या शहरात, आमच्या गल्लीत, ते एकटेच राहतात. त्यांची चप्पल दारात वाजली की पेशंट डोळे मिटून घोरायला लागतो.

समोरच्या विलासला एड्स झाल्याचं कळलं, तेव्हा मात्र बाकी कुणी समाचाराला गेलं नाही. विलास ट्रक ड्रायव्हर, दत्तूभाऊंचा शाळेपासूनचा दोस्त. गोळ्यांवर चांगला होता. पण लोक पाहतील म्हणून त्यानं दवाखान्यात जाणंच सोडलं आणि खाटेला लागला. दत्तूभाऊ रोज सकाळी जाऊन त्याची दाढी करत आणि ओरडत.

"गोया सोडाले कोनं सांगतलं तुले? गाल फुगव."

विलास गाल फुगवून हसायचा. एकदा मला म्हणाला, "बाकीचे कुजबुजून राह्यले. हा शिव्या देते, तं जित्तं असल्यासारखं वाटते मले."

मग डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही, त्रास कमी करू एवढंच. दुसऱ्याच दिवशी विलासच्या भावानं, मधुकरनं, दारात गाडी आणली. नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेणार म्हणाला.

"अठी मेला तं माह्या पोरीचं लग्न कसं जमन?" तो बोलून गेला. गल्ली दारादारांत उभी होती.

दत्तूभाऊ खाटेशी वाकले. त्यांचा आवाज इतका खाली आला की मलाच भीती वाटली.

"विलास, जाचं हाय का तुले?"

"नाई. नळ्या घालतीन. घरीच राहू दे."

"या घरी नाई," मधुकर म्हणाला.

"मंग माह्या घरी. उचला."

कुणी हललं नाही. दत्तूभाऊ डोक्याकडची बाजू धरून मधुकरकडे नुसते पाहत राहिले. मी पुढे झालो. शेवटी मधुकरनं मान खाली घालून माझ्यासोबत पायाकडची बाजू उचलली.

काही दिवसांनी विलास तिथंच गेला, दत्तूभाऊंच्या मांडीवर डोकं ठेवून. तोवर मधुकर रोज डबा घेऊन येत होता.

स्मशानातून आल्यावर मी अंघोळ करून बसलो होतो. दत्तूभाऊ दारात आले. ओल्या केसांनी उंबऱ्याबाहेरच थांबले.

"या ना," मी म्हटलं.

"घरी कोनीच बोलून नाई राह्यलं," ते म्हणाले. "थोडा वेळ बसू का तुमच्याकडं?"