गोविंदनानांच्या अकरा पेट्या

रविवारी सकाळी आठच्या सुमाराला गोविंदनाना इंगळे आपल्या बाजाच्या पेट्यांना ऊन दाखवत. अंगणात तीन खाटा टाकायच्या, त्यांवर जुनी धोतरं अंथरायची आणि एकेक पेटी उचलून आणून भाता उघडा करून ठेवायची. एकूण अकरा. मग हातात फडकं घेऊन नाना त्या खाटांमधून फिरत. दुसऱ्या घरी पापड वाळत घातले की बाया जशी राखण करतात, तशीच.

खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या मागं चाळ होती. महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली असतील. मी साताऱ्याकडून तिथल्या हायस्कुलात शिक्षक म्हणून आलो आणि त्या चाळीत नानांच्या शेजारची खोली मला मिळाली. पहिल्याच रविवारी मी तो बाजार पाहिला आणि दुकान समजून एका पेटीची किंमत विचारली. नानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुढं आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नाना फॅक्टरीत फिटर होते. उंच, काटक, पांढऱ्या मिशा, आणि कानावर कायम एक पेन्सिल. बायको लग्नानंतर पाचसहा वर्षांतच गेली होती, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांपैकी एकीत स्वयंपाक आणि पाच पेट्या, दुसरीत सहा पेट्या आणि नाना. पाहुणा आला तर त्याला पेटीवरच बसावं लागेल अशी स्थिती, आणि पेटीवर बसू द्यायचे नाहीत. म्हणून त्यांच्याकडे पाहुणे येत नसत.

एक सोडली तर प्रत्येक पेटीला नाव होतं. मोडलेल्या नाटक कंपनीकडून घेतलेली काळी पेटी म्हणजे ‘बाई’. एक जाड आवाजाची होती, ती ‘ठाणेदार’. भात्यातून वारा गळणारी ‘दमेकरी’. एक ‘उंद्रीवाली’ होती, तिची कथा वेगळी. उंद्रीच्या भजनी मंडळात फूट पडली आणि पेटी कुणाची यावरून दोन तट झाले. निकाल लागेपर्यंत पेटी तिऱ्हाइताकडे असावी म्हणून ती नानांकडे आली. दोन्ही तटांची माणसं बाजारच्या दिवशी वेगवेगळी येऊन, दुसऱ्यांना देऊ नका, एवढं सांगून जात. निकाल काही लागला नाही. नाना दोघांनाही चहा पाजत आणि पेटीला तेलपाणी करत.

त्यांचा एक हट्ट सगळ्या चाळीला ठाऊक होता. कुणी पाठीमागून किंवा बाजूनं बोललेलं त्यांना खपत नसे. “तोंडावर बोला,” असं ते म्हणत. उजेडात बसवत, समोर बसवत, आणि मग ऐकत. अंधाऱ्या ओसरीत उभा राहून कुणी काही विचारलं, तर नाना उत्तरच देत नसत. फॅक्टरीचे मॅनेजरसुद्धा एकदा कागदात डोकं घालून त्यांना काही सांगत होते, तेव्हा नानांनी टेबलावर टकटक करून म्हटलं होतं, “साहेब, मान वर करा. मानूस तोंडावर बोलला पायजे.” मॅनेजरांनी मान वर केली. त्या दिवसापासून फॅक्टरीत नानांची मोठी छाप होती. मालकालाही न भिणारा रोखठोक माणूस, असं लोक म्हणत. मीही शाळेत मुलांना त्यांचं उदाहरण दिलं होतं.

चाळीत मारुतीच्या पारावर दर शनिवारी भजन चाले. पूर्वी पेटीला नानाच असत. माझ्या येण्याआधी काही वर्षं ते एकाएकी उठून गेले होते, आणि “इथं कोनाचाच सूर खरा नाई,” एवढंच म्हणाले होते. मंडळींना ते लागलं. भजनी बुवांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. अकरा पेट्या घरात ठेवून भजनाला एक देत नाही, तेव्हा माणूस घमेंडी असलाच पाहिजे, यावर चाळीचं एकमत झालं होतं.

मग नानांची नोकरी संपली. दिवाळीपर्यंत खोल्या सोडायच्या होत्या. बुलढाण्याजवळ धाड नावाच्या गावी त्यांची धाकटी बहीण अनसूयाबाई राहत असे. तिचा नवरा वारला होता, मुलगी सासरी होती, शेतीचा तुकडा होता. तिनं भावाला बोलावून घेतलं, पण पत्रात एक अट घातली होती. ते पत्र नानांनी मला वाचायला दिलं. एक खोली तुझी, तीत दोन पेट्या आण, तिसरी आणलीस तर तिला ओट्यावर पावसात ठेवीन, असं तिनं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं.

अकरातल्या नऊ द्यायच्या. नाना कामाला लागले. भिंतीवर खडूनं दोन रकाने आखले, ‘जाईन’ आणि ‘राहीन’, म्हणजे त्यांच्या वऱ्हाडीत जाईल आणि राहील. सकाळी ‘बाई’ राहीनमध्ये असे, संध्याकाळी जाईनमध्ये. पेट्यांची बातमी गावात पसरली तशी मागणारी माणसं येऊ लागली, आणि नाना त्यांच्या मुलाखती घेऊ लागले. एका वकिलानं मुलीसाठी पेटी मागितली. नानांनी विचारलं, मुलगी कुठं आहे? ती आली नव्हती. वकील परत गेले. एका किराणा दुकानदाराची नखं पाहून त्याला दारातूनच वाटेला लावलं. शाळेसाठी मी शब्द टाकला, तर म्हणाले, तुमच्या शाळेत छताला गळती आहे, मी पाहून आलोय. तीन आठवडे गेले. अकराच्या अकरा जागच्या जागी होत्या.

शेवटी एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, मास्तर, तुम्हाला गाण्यातलं काही कळत नाही, म्हणून तुम्हीच बरे. मी वाजवतो, तुम्ही ऐका.

पहिल्यांदा त्यांनी ‘नवरी’ काढली. ही सगळ्यांत अलीकडची, वर्षभरापूर्वी एका व्यापाऱ्याच्या घरून आणलेली. पॉलिश अजून आरशासारखं होतं, आणि मागणाऱ्यांची नजर आधी तिच्यावरच जाई. नानांनी थोडंसं वाजवलं, बोटं उचलली आणि एका हातानं भाता हलवत ती पेटी कशी मिळाली ते सांगू लागले. पण पेटी थांबली नव्हती. वरच्या सप्तकातला एक सूर अडकून बसला होता आणि डासासारखा केकाटत होता. दारातलं कुत्रं उठून गेलं. पलीकडच्या खोलीतल्या बाईंनी डोकावून पाहिलं. नाना शांतपणे बोलतच होते.

“नाना, सूर अडकला,” मी पेटीकडे बघत म्हणालो. ते बोलत राहिले. मी पुन्हा म्हणालो. मग मी मान वर केली.

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. त्यांचा भात्यावरचा हात थांबला. 

“कोनता?” त्यांनी विचारलं.

मी पट्टीवर बोट ठेवलं. त्यांनी डावा तळवा पेटीच्या लाकडावर टेकवला, भाता एकदा हलवला, आणि मान डोलावली. “हाव. थरथरून राह्यली.”

मग त्यांनी सांगितलं. तीस वर्षं मशिनीपाशी गेली. आधी चिमण्या गेल्या, मग सायकलची घंटी, मग पेटीचं वरचं सप्तक. मोठ्यानं बोललेलं थोडं कळे, बाकीचं ओठांवरून. सहा-सात वर्षं झाली होती. भजनात एके दिवशी बुवा वेगळ्या पट्टीत गेले आणि नाना आपल्याच पट्टीत वाजवत राहिले. सगळे थांबून बघू लागले, तेव्हा त्यांना समजलं. त्याच वेळी ते उठले आणि सूर खरा नसल्याचं बोलून निघून आले. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा घमेंडी म्हणवून घेणं त्यांना परवडलं. फॅक्टरीत कळलं असतं तर नोकरीही गेली असती.

माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला आणि तो मी विचारला. या अकरांतल्या सहा पेट्या तर, त्यांनीच पूर्वी सांगितल्याप्रमाणे, गेल्या सहा-सात वर्षांत आणलेल्या. ऐकू येत नव्हतं, तर त्या कशाला घेतल्या?

नानांनी नवरीचा भाता बंद केला, खटका लावला. “दर वख्ती वाटे, मास्तर, हिचा तरी येईन आयकू.”

पुढचे चार दिवस मी शाळा सुटली की त्यांच्याकडे जाऊन बसत असे. त्या सहा पेट्या मी ऐकायच्या आणि आवाज कसा आहे ते त्यांना सांगायचं, असं ठरलं. हे काम मला वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं. पहिलीला मी गोड म्हणालो. नाना म्हणाले, गोड तर गूळही असतो, नीट सांगा. मी वर्गात मुलांना उपमा शिकवत होतो, पण इथं घाम फुटला. एकीचा आवाज आमच्या हेडमास्तरांना सर्दी झाल्यावर येतो तसा आहे, असं मी सांगितलं. नाना हसले आणि ती कीर्तनकाराला द्यायची ठरली. दुसरीबद्दल मी म्हणालो, नव्या मडक्यात पाणी ओतताना येतो तसा. त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि थोड्या वेळानं म्हणाले, ही त्या वकिलाच्या पोरीला. पण आधी तिला घेऊन या म्हणावं. नवरीचा अडकलेला सूर नानांनी सोडवला होता, पण तिच्याबद्दल काय सांगावं ते मला सुचेना. मी तिला नुसतं ऐकत बसलो. नाना माझं तोंड न्याहाळत होते. “राहू द्या. समजलं,” ते म्हणाले. ती त्यांनी आमच्या शाळेला दिली, छत दुरुस्त झाल्याशिवाय खोका उघडायचा नाही या अटीवर. हेडमास्तरांनी पंधरा दिवसांत छत दुरुस्त करून घेतलं. आठ वर्षांत न झालेलं काम होतं ते.

उंद्रीच्या दोन्ही तटांना त्यांनी एकाच दिवशी बोलावलं. एकांना त्यांची उंद्रीवाली दिली, दुसऱ्यांना ठाणेदार. दोघेही नाराज होऊन गेले, कारण भांडायला काही उरलं नव्हतं. दमेकरी भजनी मंडळाच्या बुवांकडे गेली. ती नाना स्वतः उचलून घेऊन गेले, नवा भाता बसवून. बुवांनी ती ठेवून घेतली, बोलले मात्र नाहीत. नाना त्यांच्यासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.

राहीनच्या रकान्यात शेवटी राहिल्या त्या ‘बाई’ आणि एक बिननावाची, तडा गेलेली, जुनाट पेटी. चाळीतल्या मंडळींना वाटलं, म्हाताऱ्याला चांगलं-वाईट कळेनासं झालं. मी विचारलं, तेव्हा त्यांचं उत्तर तयार होतं. “या दोघींचा आवाज मले याद हाये. बाकीच्यांचा मंग काय उपेग?”

धाडला जायच्या दिवशी एस. टी. स्टँडवर त्यांनी मला बाजूला घेतलं. अनसूयेला यातलं काही सांगू नका, म्हणाले. तिच्या नशिबी आधीच पुष्कळ आहे. बहिरा भाऊ घरात आला म्हटल्यावर ती रोज रडत बसेल. मी शब्द दिला.

पुढच्या हिवाळ्यात शाळेच्या कामानं बुलढाण्याला गेलो, तसा धाडलाही जाऊन आलो. आठवडी बाजार होता. नाना कांद्याची रोपं आणायला गेले होते. अनसूयाबाई ठेंगण्या, बोलक्या. त्यांनी मला ओट्यावर बसवून पाणी दिलं, चुलीवर चहा ठेवला आणि एकदा रस्त्याकडे पाहून घेतलं.

“मास्तर, तुमी त्याच्या शेजारी होते. तुमाले मालूम असन,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दादाले आयकू येत नाई.”

 त्यांनीच पुढं सांगितलं. आल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांना समजलं होतं. मागून हाक मारली तर वळला नाही, आणि लहानपणी हाच भाऊ शेतातून त्यांची हाक ओळखत असे. त्या दिवशी त्या गोठ्यात जाऊन रडून आल्या, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

“त्याले वाटते, मले समजलं नाई. तुमी त्याले सांगू नका. त्याचा जीव थोडा होईन.”

दुसऱ्यांदा शब्द देताना मला हसू आवरणं कठीण गेलं, आणि हसूच होतं असंही म्हणवत नाही.

नाना आले. मला पाहून हरखले, रोपं तशीच टाकली आणि ‘बाई’ पेटी बाहेर काढली. आम्ही रोज संध्याकाळी एक अभंग म्हणतो, आज तुमच्यासाठी आत्ताच म्हणू, असं त्यांचं म्हणणं पडलं. अनसूयाबाई हात पुसत आल्या आणि त्यांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. पेटीचे दोन-तीन सूर उतरले होते. नानांना ते कळायचं कारण नव्हतं, आणि अनसूयाबाईंनी ते उतरलेले सूर आपल्या गळ्यात तसेच घेतले होते. गाणं सगळं मिळून थोडं बेसूर होतं, पण दोघांचं एकसारखं बेसूर होतं.

त्या गात होत्या फार सावकाश. प्रत्येक अक्षर सुटं करून, तोंड गरजेपेक्षा मोठं उघडून. शेजारची एक बाई कुंपणापाशी उभी राहून ऐकत होती. अनसूयाबाईला ही अशी तोंड फाकून गायची सवय हल्लीच लागली, पहिले बरी गायची, असं तिनं मला कौतुकानं सांगितलं.

नाना बहिणीच्या ओठांवरची नजर काढत नव्हते. त्यांची बोटं बरोबर तिच्यामागून जात होती.