शामरावांचा एसी आणि सुलतान

शामराव गजभियेंनी हात लावला आणि खोली थंड झाली नाही, असं अख्ख्या बहारिनमध्ये कधी घडलं नव्हतं. निदान शामराव तसं सांगत! चौऱ्याण्णव सालच्या ऑगस्टात गुदैबिया वस्तीचे रस्ते तव्यासारखे तापले होते, आणि शामरावांच्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये इंदुबाई भरदुपारी शाल पांघरून भाजी निवडत होत्या. एसी मेकॅनिकशी लग्न करणं म्हणजे काय, हे त्यांना इथं येऊन कळत होतं.

त्यांचा व्हिजिट व्हिसा महिनाअखेर संपणार होता. फॅमिली व्हिसाच्या पत्रावर मालक अहमदसाहेबांची सही झाली तरच त्या राहणार, नाहीतर वर्ध्याला परत! लग्नाच्या सव्वीस वर्षांपैकी पंधरा नुसत्या पत्रांवर काढलेल्या शामरावांना ते आता सोसणार नव्हतं.

अशात साहेब स्वतः अरादच्या बंगल्याहून आले. हातात काचेची पेटी, पेटीत मनगटाएवढा जाड अजगर!

"ये सुलतान. बहुत शरीफ. मैं दो हफ्ता लंडन. इसका बत्ती बंद नहीं करना. वापस आएगा, तुम्हारा पेपर साइन, खलास!"

साहेबांची पाठ वळताच शामरावांनी पेटीवरच्या दिव्याला बोट लावलं. चटका बसला!

"बाहेर पंचेचाळीस, अन् या मुक्या जिवाच्या डोक्यावर शेगडी? साहेबाले धंदा कळते, टेंपरेचर नाही कळत!"

दिवा बंद झाला. पेटी एसीच्या तोंडासमोर आली. बटण 'हाय कूल'वर!

तिसऱ्या दिवशी सुलतान वेटोळं घालून स्वस्थ पडला. "पाह्य, कसा निवांत झाला!" शामराव खूश. चौथ्या दिवशी त्यानं खायला टाकलेल्या उंदराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ऊन बाधलं असंल," म्हणत शामरावांनी पेटीत बर्फाची वाटी ठेवली. सहाव्या दिवशी सुलतान हलेना, डुलेना, जीभ काढेना.

खालच्या कोल्ड स्टोअरवाल्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, रत्नागिरीच्या हुसेनभाईंना बोलावलं. त्यांनी लांबूनच पाहिलं. "मेलाय हो! आता साहेबाला काय सांगणार?"

शामरावांना दरदरून घाम फुटला, तोही हाय कूलमध्ये! इंदुबाईंनी मेलेला साप टॉवेलात गुंडाळून गॅलरीत, सावलीला ठेवला. तिघं आत बसून साहेबांना सांगायचं वाक्य जुळवू लागले. अर्ध्या तासानं इंदुबाई गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला गेल्या आणि किंचाळल्या, "माय वो! हा तं जित्ता हाय!"

सुलतान शामरावांच्या युनिफॉर्मवरून दोरीवर चढत होता!

"उन्हानं पोळला असंल बिचारा!" शामरावांनी त्याला उचलून पुन्हा एसीसमोर ठेवलं. संध्याकाळपर्यंत सुलतान पुन्हा मेला. गॅलरीत ठेवला, उठला. आत आणला, मेला! चार दिवसांत हे तीनदा झालं.

"कुणाची तरी नजर लागलीय," हुसेनभाई म्हणाले.

"आम्ही असलं मानत नाही, हुसेनभाई. प्रत्येक गोष्टीले कारण असते. शोधायचं!"

मग शामरावांनी शोधलं. पेटी पुसली, पाणी बदललं, उंदीर हुंगला, भिंतीचा रंगही खरवडून पाहिला. एसी तेवढा तपासला नाही, कारण तो त्यांनी स्वतः बसवला होता. शेवटी डोकं धरून बसले. काही म्हणता काही उमगेना.

शालीतून इंदुबाई म्हणाल्या, "अवो, मीबी आत असली का गारठून पडतो अन् गॅलरीत गेली का हातपाय हालतेत. काहून, ते तुमाले समजत नाही का?"

आणि त्यांनी एसी बंद केला, दिवा लावला. दुसऱ्या दिवशी सुलताननं उंदीर गिळला. शामरावांनी अंगातला शर्ट काढून खुंटीला टांगला.

साहेब आले तेव्हा शामराव बनियनवर, घामानं निथळत उभे. सुलतान मात्र तकतकीत! साहेब हरखले.

"मेरे घर में सब एसी मांगता, ये बीमार. इधर एसी बंद, कितना खुश! शामराव, अब ये इधर ही रहेगा." आणि तिथंच, पेटीवर कागद ठेवून, त्यांनी पत्रावर सही ठोकली.

शामरावांचे डोळे भरून आले. इंदुबाईंनी पदरानं मान पुसली. "किती वर्साचा व्हिसा हाय हा?"

"दोन."

"अन् साप किती वर्सं जगते, इचारा तं."

शामरावांनी विचारलं. साहेबांनी मायेनं पेटीवरून हात फिरवला.

"पचीस साल, इंशाल्ला!"