नळ गळतो, पान चालतं

पासंगरावांनी त्या दिवशी ठरवलं होतं ते एवढंच, की इंटरनेटवर आपलंही एक पान असावं. सासूबाईंवर आळ आणायचा, किंवा स्वतःचाच गुन्हा सिद्ध करून दाखवण्यासाठी भर सकाळी बायकोसमोर पाना घेऊन उभं राहायचं, यातलं काहीएक त्यांच्या मनात नव्हतं.

पासंगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमाप कार्यालयात ते कारकून होते. अंगाने इतके किडकिडीत, की कुणीतरी एकदा म्हणालं, "यांना पारड्यात बसवलं तर पासंगालासुद्धा पुरायचे नाहीत," आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. स्वभावाने भिडस्त, त्यातून जरा कशाने दचकणारे. स्वतःच्या खिशातला फोन वाजला तरी आधी उभे राहत आणि मग घेत.

तर या पासंगरावांच्या शेजारच्या टेबलावर आवक-जावक सांभाळणारा एक गृहस्थ बसे. त्याने 'पानोपानी' नावाच्या संकेतस्थळावर कुंडीतल्या रोपांबद्दल एक पान उघडलं होतं. तिथे कुणीही यावं, आपल्याला जे येतं त्याचं पान लिहावं, आणि जगाने ते वाचावं अशी सोय होती. हा गृहस्थ रोज सकाळी खुर्चीत टेकायच्या आधीच सांगायचा, "काल तीन हजार लोकांनी माझा मनीप्लांट वाचला!"

तीन हजार! पासंगरावांना आजवर एवढ्या लोकांनी पाहिलंसुद्धा नव्हतं, वाचणं दूरच.

त्यांनीही पान उघडलं. विषय हातातलाच घेतला : 'तराजूचा काटा मध्यभागी का थांबतो?' आठवड्यात चौदा वाचक आले. (त्यातले अकरा ते स्वतःच होते. ऑफिसातून, घरातून आणि एकदा मुद्दाम बसथांब्यावरून.)

'पानोपानी'वाले मात्र मोठे आस्थेवाईक. रोज सकाळी त्यांच्याकडून 'यशस्वी पानाचा कानमंत्र' यायचा. एके दिवशी आला : 'तुम्हाला काय येतं ते लिहू नका, वाचकाचं काय अडलं आहे ते लिहा.' दुसऱ्या दिवशी : 'शीर्षकात प्रश्न विचारा.' तिसऱ्या दिवशी : 'ऐकीव नको, उसने फोटो नकोत. स्वतः करा, स्वतः फोटो काढा. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी लावले, तर वाचक पानावर रेंगाळतो.' चौथ्या दिवशी : 'मजकूर कमी करा. एखादी पायरी गाळा, पण फोटो गाळू नका.'

पासंगरावांनी शीर्षक लिहूनही टाकलं : 'तुमचा नळ गळतो का?' आणि तिथेच घोडं अडलं. त्यांचा नळ गळत नव्हता.

त्यांच्या घरात काहीच गळत, कुरकुरत किंवा हलत नव्हतं. कारण त्यांची बायको विमा कंपनीत नुकसानीच्या दाव्यांची तपासनीस होती. लोकांचे फुटलेले पाइप आणि कोसळलेली छतं बघून, हे आपोआप झालं की कुणी केलं, ते सांगण्यात तिचा दिवस जायचा. तिच्या घरात मोडायची हिंमत कुठल्या वस्तूला व्हावी?

म्हणून एका पहाटे, सगळे झोपेत असताना, पासंगरावांनी पाना घेतला आणि ओट्यावरचा नळ थोडासा, अगदी नावापुरता, ढिला केला. (यात मोडतोड कसली, असं त्यांनी मनाला समजावलं. नीटच तर करायचा आहे. फक्त त्याआधी जरा बिघडवायचा.) नळ टपटपू लागला. 'आधी'चा फोटो निघाला. मग त्यांनी तो आवळला. नळ तरीही टपटपत राहिला. पण 'नंतर'चा फोटो त्यांनी दोन थेंबांच्या मधे शिताफीने टिपला, पान चढवलं आणि ऑफिसला निघून गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर नळ ठणठणीत कोरडा! आपल्या हाताला उशिरा गुण येतो, अशी पासंगरावांनी समजूत करून घेतली.

पान धो धो चाललं. वाचक शेकड्यांनी आले. मग काय, पासंगरावांच्या अंगात आलं. कपाटाचं बिजागर, फ्लशची टाकी, खिडकीची कडी. पहाटे बिघडवायचं, फोटो काढायचा, जमेल तसं नीट करायचं, पुन्हा फोटो. संध्याकाळी परत यावं तर वस्तू आपली शहाण्यासारखी वागत असायची.

बायको मात्र शहाणी होती.

"अहो," एका सकाळी ती टॉर्च घेऊन ओट्यावर वाकली, "हे आपोआप झालेलं नाही."

पासंगरावांच्या हातातला चमचा बशीवर वाजला. "काय... काय आपोआप?"

"हा नळ. नटाच्या कडांवर ओरखडे बघा. ताजे आहेत. कुणीतरी पाना चुकीच्या बाजूने फिरवला आहे, मग बरोबर बाजूने, मग परत चुकीच्या." तिने मान वळवून नवऱ्याकडे निरखून पाहिलं. पासंगराव चमचा पुसू लागले. मग तिने मान हलवली. "छे. तुम्ही नाही. तुमच्याच्याने लोणच्याची बरणी उघडत नाही."

सुटलो, असं त्यांना वाटायला हवं होतं. ते वाटलंच. पण का कोण जाणे, थोडं लागलंही.

आता घरात राहिलं कोण? सासूबाई. बायको दिवसभर बाहेर, पासंगराव ऑफिसात, दिवसभर घरात एकट्या सासूबाई. त्या लेकीकडे येऊन वर्ष झालं होतं. पासंगरावांचं आणि त्यांचं चांगलं जमे, कारण जावयाच्या विनोदांना हसणारं सगळ्या जगात तेवढंच एक माणूस होतं. (बायको विनोद तपासून घ्यायची.)

त्यातच जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. "बोलू नये, पण बोलते हो," त्या बायकोला म्हणाल्या. "भर दुपारी एक माणूस येतो तुमच्याकडे. हातात पिशवी. तुमच्या आई आधी जिन्यात डोकावतात, खाली बघतात, वर बघतात, मग त्याला आत घेतात."

"आई, दुपारी कोण येतं घरी?"

"कोण येणार बाई? मी बरी आणि माझी झोप बरी," असं म्हणून सासूबाईंनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. उलटं.

बायकोचा संशय पक्का झाला. आणि त्याच संध्याकाळी पासंगरावांच्या छातीत धस्स व्हावं अशी दुसरी एक गोष्ट घडली. नळाच्या पानाखाली एका वाचकाने लिहिलं होतं : 'उत्तम माहिती. पण नळाच्या चकचकीत भागात तुमच्या मागे कोण उभं दिसतंय?'

पासंगरावांनी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. नळाच्या गोल पोटात एक लांबुळका पासंग दिसत होता, आणि त्याच्या खांद्यामागे गोल काचांचा एक चष्मा.

सासूबाई!

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून! मग बोलल्या का नाहीत? पासंगरावांनी फोटोतला तेवढा भाग कापून टाकला, तो शेराही पुसला, पण घास काही गोड लागेना. सासूबाईंनी भाजी वाढली की वाटे, ही बाई योग्य वेळेची वाट बघते आहे. त्या हसल्या की वाटे, का हसल्या? नाही हसल्या की वाटे, बास, आज सांगणार. एकदा त्या नुसतं "जावईबापू" म्हणाल्या, तर ते ताडकन उभे राहिले. सासूबाईंना फक्त मीठ हवं होतं.

शनिवारी बायकोला सासूबाईंच्या उशीखाली पाना सापडला.

"आई, हे काय आहे?"

"पाना आहे."

"ते दिसतंय मला. उशीखाली कशासाठी?"

सासूबाईंनी एकवार जावयाकडे पाहिलं. पासंगरावांनी डोळे मिटले. आता! आता सांगणार!

"असू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "मीच ठेवला. मलाच हौस आली, समज."

"म्हणजे नळ, कपाट, खिडकी, सगळं तू?"

"समज तसं."

पासंगरावांनी डोळे उघडले. त्यांना वाटलं होतं, म्हातारी आपल्याला पकडून देणार. ती तर त्यांच्या वाटचं ओझं उचलून मोकळी झाली होती.

बायको खुर्चीत बसली. आवाज तपासनिसाचा होता, पण डोळे लेकीचे होते. "आई, एक तर तुझ्या लक्षात राहत नाही तू काय करतेस, नाहीतर तो दुपारचा माणूस तुला फसवतोय. काही असलं तरी तुला दिवसभर एकटं ठेवून माझं कामात लक्ष लागणार नाही. तू दादाकडे जा. तिथे वहिनी घरी असते."

सासूबाईंचा चेहरा उतरला. दादाकडे सगळे आपापल्या खोलीत, कानांत बोंडं घालून. जेवायला हाक मारायची तीसुद्धा फोनवरून. तिथे हसायचं तर भिंतीकडे बघून.

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी बॅग दाराशी आली. गाडीला फोन झाला. पासंगराव तीनदा पाणी प्यायले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं वाक्य मधेच तोडून म्हणाले, "ते मी केलं!"

"काय केलं?"

"नळ. बिजागर. टाकी. कडी. सगळं. आईंचा काही दोष नाही."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, कौतुक होतं, आणि ते त्याहून वाईट होतं. "किती चांगले आहात हो तुम्ही. तिला पाठीशी घालताय."

"अगं, खरंच मी!"

"पुरावा?"

त्यांनी फोन काढून पान दाखवलं. ती एकेक फोटो बारकाईने बघत गेली. "फोटो काय, कुणीही कुणाच्याही नळाचा काढतं. आणि यात नळ दुरुस्त झालेला दिसतोय. तुम्ही?"

"अगं, माझं नाव आहे पानावर!"

"रोज माझ्या टेबलावर कितीतरी खोटे कबुलीजबाब येतात," बायको म्हणाली. "काकासाठी पुतण्या, मालकासाठी नोकर. करून दाखवा, मग मानेन."

"लेकी, जाऊ दे ना," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या. "गाडी येईल. जावईबापू, तुम्ही नका हो हात लावू. तुम्ही नकाच लावू!"

पण पासंगराव आता मागे हटणार नव्हते. एका म्हातारीचं घर त्यांच्या मनगटावर येऊन ठेपलं होतं. त्यांनी पाना उचलला, फोन ओट्यावर उभा केला आणि स्वतःचंच पान मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "पायरी पहिली : घाबरू नका." ते घाबरले. "पायरी दुसरी : पाना नटावर घट्ट बसवा." बसवला. "पायरी तिसरी : डावीकडे फिरवा." त्यांनी डोळे मिटून, सगळा जीव एकवटून फिरवला. एरवी पहाटे ते नावापुरतं फिरवत. आज सिद्ध करायचं होतं.

नळाचं डोकं उडून थेट छताला लागलं. त्यामागोमाग पाणी उठलं. पासंगराव पाण्याला दोन्ही हातांनी दाबू लागले, तसं ते तीन दिशांनी उडू लागलं. एक धार बायकोच्या टॉर्चवर, एक धार बॅगेवर, आणि तिसरी पासंगरावांच्या उघड्या तोंडात.

"मेन कॉक बंद करा!" बायको ओरडली.

"ती पायरी... ती पायरी गाळली मी!" पासंगराव गुळण्या करत म्हणाले. "फोटोला जागा हवी होती!"

बायको धावत बाथरूममध्ये गेली आणि कॉक बंद करून आली. केस गालांना चिकटलेले, पदर पिळत तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"पटलं," ती म्हणाली. "तुम्हीच."

सासूबाई तेवढ्यात फोन कानाला लावून म्हणत होत्या, "हो, मीच. या लवकर. आज रविवार असला तरी या. आज जरा जास्त झालंय." फोन ठेवला आणि मग त्या हसू लागल्या. हसता हसता ओल्या बॅगेवरच बसल्या. "अगं, पहिल्या दिवशी पहाटे बघितलं मी यांना. मला वाटलं, बिचारे नळ दुरुस्त करायला बघतायत आणि जमत नाहीये. मग दुपारी प्लंबरला बोलवायची. तोच कपाट-खिडकीही करून द्यायचा. म्हटलं, संध्याकाळी येऊन बघतील तर झालेलं असू दे. तेवढाच माणसाला हुरूप. पाना लपवला तो, म्हटलं एखादा दिवस तरी घराला आराम."

"मग मला सांगायचं नाही का, आई?"

"तू तपासणी लावली असतीस."

बायकोने आईची बॅग उचलली, आत नेली, आणि एकेक कपडा काढून दोरीवर वाळत घातला. गाडीवाल्याला खालच्या खाली परत पाठवलं. सासूबाईंच्या जाण्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

बायको दोरीवरून वळते तोच प्लंबर आला. दारातच थबकला. आधी ओट्याकडे पाहिलं, मग पाठीमागच्या निळ्या फरशांकडे, मग पासंगरावांच्या हातातल्या पान्याकडे, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अरे! हा तर 'तुमचा नळ गळतो का?' वाला ओटा! एवढे दिवस इथे येतोय, फरशा ओळखीच्या वाटायच्या, पण डोक्यात प्रकाश पडला नाही. साहेब, ते पान तुमचं?"

पासंगराव चिंब होते, पण ताठ झाले. त्यांनी बायकोकडे एक नजर टाकली. वाचक! खराखुरा, हाडामांसाचा, घरात आलेला वाचक!

"तुम्ही... वाचता?"

"वाचतो म्हणजे? पाठ आहे मला. भेटेल त्याला सांगतो, बाबा, हे वाच आणि स्वतः करून बघ. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना पाठवलंय. ते तुमच्याकडे इतके वाचक कुठून आले असं वाटलं तुम्हाला?" प्लंबरने पिशवी खाली ठेवली आणि अदबीने पासंगरावांचा ओला हात हातात घेतला. "लोक वाचतात, नट फिरवतात, आणि लगेच मला फोन करतात. ती मेन कॉकची पायरी तेवढी कधी घालू नका हं, साहेब. आणि एक विनंती होती... पुढचं पान गिझरवर लिहाल का? हे दिवस जरा मंदीचे जातात."