परब दाजींचं पिस्तूल

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे परब दाजी रविवारी सकाळी जुन्या धोतराचा तुकडा अंथरून पिस्तूल उघडून बसायचे. पिस्तूल रीतसर परवान्याचं, तळहातात मावेल एवढं, परदेशी आणि वापरलेलं. व्याकरणात ते नपुंसकलिंगी असेल; दाजींच्या तोंडी मात्र ती कायम ‘ही’ होती. एकट्या माणसाच्या घरात दुसरं कुणी नव्हतंच.

“हिचां पोट आज बरां नाय,” ते सांगायचे. “घास गिळवत नाही तिला.”

घास म्हणजे काडतूस. पहिली गोळी पिस्तुलाचा वरचा भाग हाताने मागे ओढून भरायची असते, ती सुटायची. पुढची मात्र मुठीतल्या मॅगझिनमधून आपोआप वर यायला हवी, ती तिरकी होऊन नळीच्या तोंडाशी अडकायची. दाजींनी मॅगझिनची स्प्रिंग बदलून पाहिली, त्याच्या पत्र्याचे ओठ चिमट्याने सरळ केले, गोळी जिथून वर सरकते तो उतार दंतमंजनाने घासून आरशासारखा केला. एकदा मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेले. पहिली गोळी नेमकी लागली. दुसरी अडकली. दाजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “नवीन माणूस बघून लाजता ती.”

या दुखण्यातून त्यांनी एक सिद्धांत काढला होता. “अडकण्याची कारणं दोनच. मागून जोर कमी, नाहीतर पुढे वाट खडबडीत. तिसरां कारण जगात नाय.” नळाला पाणी नसलं की हेच. देसायांच्या मुलीचं लग्न जमेना, तेव्हा देसायांना भर जिन्यात हेच. माझं प्रमोशन रखडलं, तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “तुझी वाट गुळगुळीत आहे रे. जोरच नाय.” बायको आठवडाभर हसत होती.

दाजी पूर्वी एका कारखान्यात होते. पगाराची रोकड बँकेतून आणताना सोबत जायचे, म्हणून परवाना. निवृत्त झाल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. दाजी चोरांना घाबरतात, असं आम्ही धरून चाललो होतो.

एका सकाळी मागच्या पंपाच्या खोलीत एक माणूस पितळी व्हॉल्व्ह काढताना सापडला. त्या आठवड्यात आम्हाला पाणी नव्हतं, लोक आधीच चिडलेले. मी दूध घेऊन परत आलो तेव्हा त्याला पाइपाला बांधलं होतं आणि आमचीच माणसं, ज्यांच्या घरी मी गणपतीला जेवतो ती, आळीपाळीने मारत होती. कुणीतरी लोखंडी सळई आणली. “अरे, पोलिसांना बोलवा,” मी म्हटलं. माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

दाजी बनियन आणि लुंगीवरच आले. हातात पिस्तूल. माणसं बाजूला करत थेट पाइपापाशी गेले आणि त्या माणसाला पाठीशी घालून उभे राहिले.

“बाजूला व्हा सगळे.”

“दाजी, घरी जा ना,” सळईवाले देसाई म्हणाले. “तुमची ती अडकते, सगळ्यांना माहितेय.” दोघे-तिघे हसलेही.

दाजींनी पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून सोडला आणि शेजारच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात गोळी झाडली. वाळू उडाली. गच्चीवरचे कावळे एकदम उठले. देसायांच्या हातातली सळई खाली पडली.

“फुडची कोणाक?” दाजींनी विचारलं.

मी त्यांच्या उजव्या हाताला होतो. पिस्तुलाचा वरचा भाग अर्धवट मागेच राहिला होता आणि त्या फटीत दुसरी गोळी तिरकी अडकलेली मला स्वच्छ दिसत होती. दाजींनाही दिसली असणार. त्यांनी दुसरा पंजा सावकाश वर आणून ती झाकली आणि पोलीस येईपर्यंत तसेच उभे राहिले. कुणी पुढे आलं नाही.

पोलिसांनी त्या माणसाला दवाखान्यात नेलं. वस्तीत गोळी झाडली म्हणून दाजींचं पिस्तूलही नेलं. पुढे परवाना रद्द झाला.

पुढच्या रविवारी मी गेलो तर दाजी खिडकीशी नुसतेच बसले होते.

“वकील बघूया का?” मी विचारलं.

“नको. काम झालां तिचां.” मग म्हणाले, “माझा धाकटा भाऊ, वसंत. मिलमध्ये होता. बाजारात त्याला खिसेकापू समजून लोकांनी धरलं. मी समोरच्या फुटपाथवर होतो. ओरडत होतो रे, माझो भाव आसा, माझो भाव आसा म्हणून. एवढ्या माणसांत कोण ऐकता? मी पोचलो तेव्हा सगळे पांगले होते आणि वसंत संपला होता.”

मी त्यांच्याशेजारी खाली बसलो.

“त्यानंतर कारखान्यात रोकडीसोबत पिस्तूल घेऊन जायला माणूस हवा होता. मी आपणहून नाव दिलं. चोरांची भीती मला कधी वाटली नाय.”

त्यांनी उठून शर्ट चढवला.

“त्या पाइपाला बांधलेल्या माणसाचं नाव काय रे?”

मला माहीत नव्हतं. देसायांना विचारलं, वॉचमनला विचारलं. त्याला धरणाऱ्यांपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं.

“बरां,” म्हणत दाजींनी चपला घातल्या आणि नाव विचारायला पोलीस चौकीकडे निघाले. मीही त्यांच्याबरोबर गेलो.