हिलाल नानांचं पॅराशूट

पुण्याच्या संग्रहालयाचे कर्णिक साहेब यायच्या आधी भिकुबाई अक्कानं मागच्या दाराला कडी घातली. पुढच्या दारानं साहेब म्हणून येणारा माणूस मागच्या दारानं काय घेऊन जाईल, सांगता येतं का?

तिचे मालक हिलाल नाना ब्रह्मदेशच्या लढाईवर होते. तिथून आणलेलं पॅराशूट पेटीत होतं. ते खरं ठरलं, तर नानांच्या नावाची पाटी लागून काचेत बसणार होतं. जाऊ भागाबाई मात्र जन्मभर गावात सांगत आली होती, की नानांनी ते जुन्या बाजारातून उचललं. आज ती निकाल ऐकायला पाय पसरून ओट्यावर बसली होती.

अक्कानं ठरवलं, आधी साहेबाची परीक्षा. तिनं मोतीलाल मंडपवाल्याकडून त्याचं सगळ्यात जुनं पांढरं छत मागवलं आणि तेच साहेबापुढे टाकलं.

"घ्या, तपासा."

कर्णिकांनी भिंग लावलं, शिवणी चाचपल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अक्का, अस्सल! हे तिरके कापलेले पट्टे, दोऱ्यांसाठी कडेला शिवलेले नेफे, हा इंग्रजी लष्कराचा बाणाचा शिक्का. युद्धातलंच आहे. फक्त कढीचे डाग फार पडलेत."

माणूस एक तर चोर असतो, नाही तर खुळा. अक्काला तिसरा प्रकार माहीत नव्हता. तिनं पेटी ओढली. "आते हाई देखा."

घड्या उलगडल्या, डांबरगोळ्या घरभर पळाल्या. कर्णिक अडखळले. "हा तर मांजरपाट आहे. आणि कोपऱ्यात लिहिलंय, 'मोतीलाल मंडप, चाळीसगाव'."

"अक्का वं," भागाबाई हसून हसून आडवी झाली, "नाना मोतीलालना मंडपवरथीन उडी मारेल व्हता का?"

अक्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लेकीच्या, लताच्या लग्नात मंडप कमी पडला, तेव्हा नानांनी छाती काढून पॅराशूट वर ताणायला लावलं होतं. उतरवताना मोतीलालच्या माणसांनी अदलाबदल केली. कसर लागेल म्हणून अक्कानं घडी कधी मोडली नाही. म्हणजे ती इतकी वर्षं मोतीलालच्या कापडाला डांबरगोळ्या घालत होती, आणि नानांचं पॅराशूट तालुक्यातल्या पंगतींवर कढी झेलत होतं!

मोतीलालला बोलावणं गेलं. अक्कानं पेटीतलं कापड स्वतः त्याच्या हातात दिलं. "हाई तुनं. लई जाय."

मोतीलालनं ते उलटंपालटं केलं. ना भोक, ना डाग. उसनं दिलेलं सूप संध्याकाळच्या आत परत मागणारी ही बाई आज फाटक्याच्या बदल्यात धडकं देते?

"अक्का, काहीतरी गोम शे."

"अरे, तुनं नाव शे त्यावर!"

"नाव कोनीबी लिखी. साहेब, तुमी जानकार मानूस. मनं नाव खरं शे का खोटं, तेवढं तपासा. लिखी द्या. तवलगून मनं जुनं मी सोडाव नई."

आणि त्यानं सोडल्याशिवाय नानांची पाटी लागत नव्हती. कर्णिकांनी भिंग पुसलं आणि वाकले.

त्या दिवशी पुण्याच्या संग्रहालयाचा पहिला दाखला मिळाला तो मोतीलालच्या मांजरपाटाला. अक्कानं तो दोनदा वाचून घेतला.

"खाले मोतीलालनी सही बी घ्या, साहेब," ती म्हणाली. "या मानूसना भरोसा नई."